मांडवीचा काठ नवा होणार, त्यात गावाचा वाटा किती?

काठावरची
मांडवीकाठच्या आमच्या गावासाठी पदपथ, पर्यटक बोटींचा धक्का आणि खाण्याचे गाळे असा आराखडा आलाय. वर लिहिलंय, ‘लोकसहभागातून विकास’. मी विरोधात नाही. पण सहभाग कशाला म्हणायचं, ते आधी ठरू दे.

माझी आई तीस वर्षं मासे विकायची. पहाटे होडी पायऱ्यांना लागली की शेवटे, काळुंदरं पाटीत घ्यायची, बसायच्या जागेचा सोपो (बाजारशुल्क) भरायची आणि पावती कमरेला खोचायची. मग तिथे रेलिंग आलं. दिवे लागले, संध्याकाळी माणसं फिरायला येऊ लागली, ते चांगलंच झालं. पण पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या कुलूपबंद फाटकामागे गेल्या. सुनावणी झाली होती, पण नकाशा तयार झाल्यावर. भरतीचं पाणी कितव्या पायरीला लागतं हे ज्यांना पाठ, त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं.

म्हणून गाळ्यांच्या भाड्यातला आणि धक्क्याच्या शुल्कातला गावाचा हिस्सा करारातच लिहायला हवा. मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, त्यांचं परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं, काठावरच्या वस्तीला त्यातलं काय मिळतं? गोव्याला वाटणी नवीन नाही. आपल्या कोमुनिदादींनी, म्हणजे जुन्या गावसंस्थांनी, खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं) सामाईकच राखली. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, मासळीची पावणी (लिलाव) व्हायची आणि तो पैसा बांधाला लागायचा.

खाजनातला शेतकरी
ताई, मानशीचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. माझं भात खाजनात आहे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची राखण कूळ संघांकडे आली. पावणीत मानस घेणारा मासळी जास्त मिळावी म्हणून भरतीतही दारं उघडी ठेवतो. खारं पाणी आत शिरतं, बांध पोखरतो, भात जळतं. त्याची मानस वर्षभराची, आमचं शेत जन्माचं. ओरडलं तर म्हणतात, पावणीचा पैसा संघालाच मिळाला ना! गावाच्या हाती पैसा आला की गाव राखतं, हे मी तरी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा एकाच कंपनीला दीर्घ मुदतीने द्या, दुरुस्तीची जबाबदारी तिच्यावर टाका आणि अनामत भरपूर घ्या.

तारवटीची आई
माझी दोन्ही मुलं बोटीवर कामाला गेली, कारण इथे काही नव्हतं. हिस्सा किती टक्के यावर पाच वर्षं भांडत बसलात तर गाळे कोण उघडणार? आधी काम सुरू होऊ दे.

मालीमच्या मच्छीमार धक्क्यावर रोज जाणारा
एक प्रश्न दोघांनाही. ‘गाव’ म्हणजे कोण? ट्रॉलरवरचे खलाशी बरेचसे झारखंड-ओडिशाचे. दुपारच्या उन्हात धक्क्यावर बसून जाळी तेच शिवतात. त्यांचं नाव मतदारयादीत नाही आणि तुमच्या हिश्शातही नसणार. जाळी पसरायला लागणारी लांब सपाट जागा नकाशात ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवतात आणि तिथेच पहिला गाळा उभा राहतो.

काठावरची
शेतकरीदादा, तुमचं भात जळलं ते खरं, आणि तो मुद्दा माझ्याकडून सुटला होता. पण रोग मुदतीत आहे. ज्याला पुढच्या वर्षी तिथे असायचंच नाही, तो बांध का जपेल? कंपनीची मुदत लांब असली तरी ती पणजीला किंवा मुंबईला बसते. खारं पाणी तिच्या दारात येत नाही. म्हणून मुदत लांब हवी आणि घेणारा काठावरचा हवा. अनामत मात्र तुम्ही म्हणता तशीच, त्यात वाद नाही.

मालीमवाल्या बाबांचं बरोबर आहे. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी तरतूद होती: मच्छीमार गावं अधिसूचित करायची आणि जाळी दुरुस्तीची जागा, बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड यांना तिथे ग्रामपंचायतीने परवानगी देता येईल. म्हणजे जाळ्यांच्या जागेला कायद्यात नाव आहे, मग नकाशातही हवं. ती जागा वापरतो त्याची, तो कुठूनही आलेला असो.

खाजनातला शेतकरी
काठावरचा असला तरी पैशासाठी दारं उघडणारा निघतो, मी तेच भोगलंय. कंपनी नको असेल तर निदान मानशीच्या चाव्या एका हाती देऊ नका. दोन कुलपं, दोन माणसं: एक मासेमारीकडला, एक शेतीकडला.

काठावरची
हे लिहून घेतलं. रविवारच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडते: पायऱ्यांचं फाटक पहाटे उघडं, जाळ्यांची जागा नकाशात, भाड्याचा हिस्सा करारात. मानशीच्या चाव्यांचं तुम्ही मांडा. अनुमोदक मिळेल का?