शेवाळ आलं की खत बंद करायचं? माझा ठाम विरोध

पाणवेल (धागाकर्ती)

माझा झाडं लावलेला माशांचा टँक दीड फुटी. १८ × १२ × १२ इंच, खडी आणि लाकूड वगळून पाणी जेमतेम ३५ लिटर. साधी खडी, स्पंज फिल्टर, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. झाडं म्हणजे हायग्रोफिला, व्हॅलिसनेरिया आणि लाकडाला दोऱ्याने बांधलेली अनुबियास.

पहिल्या वर्षी काचेवर हिरवे ठिपके यायला लागले तेव्हा ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, खत बंद करा, शेवाळ आपोआप जाईल. मी दोन महिने थेंबभरही खत टाकलं नाही. हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना आधी टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली, मग भोकांच्या कडा पिवळ्या झाल्या, मग पानं गळून खडीवर पडली. त्या कुजक्या पानांवरच धाग्यांचं शेवाळ धरलं. काचेवरचे ठिपके इतके घट्ट बसले की स्पंजने निघेनात, ब्लेडने खरवडावे लागले.

आता कळतं की ती भोकं पोटॅशियम कमी पडल्याची होती. आणि काचेवरचे ते कडक ठिपके बहुतेक वेळा फॉस्फेट कमी पडलं की फोफावतात. म्हणजे माझ्या उपायानेच दुखणं वाढत होतं.

या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन या टँकमध्ये झाडं वाढवणाऱ्या दोघांनी मांडलं की फॉस्फेटची टंचाई ठेवली तर शेवाळ आटोक्यात राहतं. पण त्यांनीही पोटॅशियम, नायट्रेट आणि सूक्ष्म द्रव्यं नियमित घालायला सांगितली होती. लोकांनी त्यातलं अर्धंच उचललं. पुढे टँकमधल्या झाडांना मुबलक खत घालण्याची पद्धत मांडणारे टॉम बार यांनी दाखवून दिलं की झाडं जोमात असतील तर पाण्यात भरपूर फॉस्फेट असूनही शेवाळ माजत नाही. शेवाळाची भूक इतकी थोडी असते की ते उपाशी मरायच्या कितीतरी आधी झाडं मरतात.

माझं म्हणणं एवढंच, की लाइटचे तास कमी करा, पाणी बदला, पण झाडांचं ताट काढून घेऊ नका.

मातीवाला

पाणवेलताई, तुमचा अनुभव खरा असेल, पण यातून नवीन माणूस चुकीचं शिकेल. टॉम बार यांची पद्धत कडक लाइट आणि सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड असलेल्या टँकसाठी आहे. दर आठवड्याला अर्धं पाणी बदलणं हा तिचा अविभाज्य भाग. तुमच्याकडे सिलिंडर नाही. कार्बनच कमी पडत असेल तर झाड बाकीचं खाणार किती? उरलेलं कोणाच्या पोटात जातं ते तुमची काच सांगते.

माझा दोन फुटी टँक सहा वर्षं चालू आहे. डायना वॉल्स्टॅड यांच्या पद्धतीने खाली इंचभर बागेची माती, वर खडी. बाहेरून खताचा एक कणही नाही. माशांना घातलेलं खाणं हेच खत. लाइट सकाळी तीन तास, मग चार तास बंद, मग पुन्हा तीन तास. त्या मधल्या वेळात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा भरून येतो. वर सॅल्व्हिनिया, म्हणजे पाण्यावरची वनस्पती, तरंगते. तिला कार्बन हवेतून मिळतो, म्हणून ती पाण्यातलं नायट्रेट भराभर उचलते आणि खाली सावलीही धरते. पहिले दोन महिने शेवाळ आलं, मी हाताने काढत राहिलो, मग थांबलं.

शेवाळ म्हणजे लाइट जास्त झाल्याची पावती. बाकी सगळं दुय्यम.

पाणवेल

लाइटबद्दल शंभर टक्के मान्य. माझा लाइट तेव्हा दहा तास चालायचा, आता टायमर लावून सात. पण दादा, तुम्ही खत घालत नाही हे मला पटत नाही. तुमची माती हेच खत आहे! इंचभर मातीत झाडांना वर्षानुवर्षं पुरेल एवढं पडलेलं असतं. ज्याच्या टँकमध्ये नुसती धुतलेली खडी आणि सहा छोटे टेट्रा मासे आहेत, त्याच्या झाडांनी काय खायचं? माशांच्या खाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, पोटॅशियम मात्र फारच थोडं येतं. माझ्या पानांना भोकं पडली ती त्यामुळेच.

द्राक्षबाग

आम्ही नाशिककडचे, खतं आमच्या रोजच्या हातातली. टँकवाले जे पोटॅशियम नायट्रेट वापरतात ते आमचं ड्रिपचं १३:००:४५ आणि फॉस्फेटसाठी ००:५२:३४ (आकडे अनुक्रमे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशच्या टक्क्यांचे). कृषी सेवा केंद्रात मिळतं, टँकच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त. हिशोबही सोपा आहे. ४० लिटर पाण्यात १ ग्रॅम १३:००:४५ टाकलं की नायट्रेट १५ पीपीएमच्या (लिटरला १५ मिलिग्रॅम) आसपास वाढतं. म्हणजे ३५ लिटरला आठवड्याला पाव ते अर्धा ग्रॅम फार झालं. चमच्याच्या अंदाजाने टाकू नका, सोनाराच्या तराजूसारखा छोटा वजनकाटा घ्या.

पण कळकळीने सांगतो, १९:१९:१९ चुकूनही टाकू नका. त्यात अमोनियाच्या आणि युरियाच्या रूपातला नायट्रोजन असतो. मासे तर जातीलच, शिवाय अमोनिया वाढला की शेवाळाला आमंत्रणच. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं, ते कोळंबीला विषारी, म्हणून कोळंबी असेल तर पुडी आधी नीट वाचा.

आणि ताई, एका बाबतीत मी मातीवाल्यांच्या बाजूने आहे. बागेत आम्ही म्हणतो, पांढरी मुळी चालली पाहिजे. मुळी चालत नसेल तर वरून कितीही खत ओता, झाड उचलत नाही. नवीन लावलेल्या टँकचंही तेच. पहिला महिनाभर झाडं रुळत असतात, तेव्हा खताची घाई कशाला?

निळंशार

सगळे हिरव्या शेवाळावर बोलताय. माझ्या अनुबियासच्या पानांच्या कडांना काळी दाढी आली आहे. बोटाने ओढली तर पान फाटतं, दाढी निघत नाही. लाइट सहा तासांवर आणला, तीन दिवस टँक चादरीत गुंडाळून ठेवला. दाढी जागची हलली नाही, व्हॅलिसनेरिया मात्र वितळला. यावर हायड्रोजन पेरॉक्साइडशिवाय उपाय नाही असं माझं मत झालंय. तत्त्वज्ञान नंतर, आधी मारा.

मातीवाला

मारलंत तरी कारण राहिलं तर परत येणार. तुमचा फिल्टर शेवटचा कधी पिळला होता? दाढी बहुतेक वेळा गाळ साचलेल्या टँकमध्ये आणि कार्बन वरखाली होणाऱ्या टँकमध्येच दिसते.

पाणवेल

मातीवाला दादांचं कारण बरोबर आहे, पण इथे मी निळंशार यांच्या बाजूने. धरलेली दाढी नुसत्या सुधारणेने जात नाही. मी केलं ते सांगते. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड बऱ्याचदा ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढंच पाणी घालून ते ३ टक्के करायचं. फिल्टर बंद करायचा, पाणी स्थिर होऊ द्यायचं, आणि सुई काढलेल्या सिरिंजने थेट दाढीवर हळूहळू सोडायचं. ३५ लिटरला एका वेळी ८ मिलीच्या वर नाही. पानावर लगेच बारीक बुडबुडे उठतात. दहा मिनिटांनी फिल्टर चालू. दोन-तीन दिवसांत दाढी गुलाबी होते. काळी दिसली तरी ती लाल शैवालाच्या कुळातली असते, मेल्यावर खरा रंग उघडा पडतो. मेलेली दाढी माझ्या चेरी कोळंबीने दोन दिवसांत फस्त केली.

‘लिक्विड कार्बन’ म्हणून जे विकतात त्यात ग्लुटारल्डिहाइड असतं, तेच रसायन दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. व्हॅलिसनेरिया त्याने वितळतो आणि हातालाही ते बरं नाही. मी ते घरात आणत नाही.

पहिला_टँक

मी सगळं वाचतोय. माझा टँक एक फुटी, लावून पाच आठवडे झाले. काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडर बसली आहे, पुसली की सहज निघते. दुकानात सांगितलं की सकर मासा टाका, सगळं चाटून खातो. टाकू का?

द्राक्षबाग

नको, अजिबात नको. आज बोटाएवढा दिसणारा सकर फूटभराच्या वर वाढतो, तुमचा टँकच फूटभराचा. मग नको झाला की लोक तो तळ्यात, नदीत सोडतात आणि तिथे तो देशी माशांच्या मुळावर उठतो. आपल्याकडच्या कितीतरी जलाशयांत तो आता जाळ्यात येतो. ज्या जिवाला आयुष्यभर जागा देता येणार नाही तो आणूच नये.

मातीवाला

तुमचं ते तपकिरी म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकला येतातच, बहुतेक वेळा आपणहून जातात. पुसा आणि धीर धरा. प्राणी हवाच असेल तर एक नेराइट गोगलगाय. गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे टँक भरून जायची भीती नाही. पांढरी टणक अंडी मात्र लाकडावर चिकटवून ठेवते, ती सहन करावी लागतात. आणि खत आणखी एक महिना तरी नको.

पाणवेल

द्राक्षबाग आणि मातीवाला दोघांचं मी ऐकलं. नव्या टँकच्या बाबतीत माझी भूमिका बदलते: मुळं धरेपर्यंत थांबायला हरकत नाही. पण हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीएवढं एक भोक जरी दिसलं, तरी महिना मोजत बसू नका, त्या दिवशी पोटॅशियम सुरू करा. इथे मी मागे हटणार नाही.

पहिला_टँक, लाइट सहा तास, टायमरवरच. दर रविवारी निम्मं पाणी बदला, नवीन पाण्यातलं क्लोरिन काढून. आणि खालचं एकच पान ठरवा, दर रविवारी त्याच पानाचा फोटो काढून इथे टाका.

मातीवाला

मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर गेलं की पानं तशीही पिवळी पडतात, तेव्हा प्रत्येक भोक पोटॅशियमचं समजू नका. फोटोसोबत पाण्याचं तापमानही लिहा.

पहिला_टँक

पान ठरवलं. डावीकडच्या देठाचं खालून तिसरं. आज भोक नाही, तपकिरी पावडर आहे, तापमान २८. रविवारी येतो.