आठ आठवडे कमी नाहीत, पहिले दोन वाया जातात

कॉलेजच्या पोरांच्या उन्हाळी रिसर्च इंटर्नशिपबद्दल कुणीतरी लिहिलंय की आठ आठवड्यांत कसलं रिसर्च होणार, पोरं पेपर वाचून परत जातात, ते अर्धंच पटलं. आमच्याकडे मी तीन उन्हाळे हे काम बघितलं, वेळ खरा जातो तो लॅबचं सेफ्टी ट्रेनिंग, सर्व्हरचं अकाउंट आणि मागवलेलं केमिकल कधी येतंय याची वाट बघण्यात. एका मुलीचा सेन्सर सहाव्या आठवड्यात आला, तोवर ती बिचारी दुसऱ्यांचे ग्राफ काढत बसली होती! अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाचा सर्फ हा असाच उन्हाळी रिसर्च कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे, तिथे दहा आठवडे असतात पण मुद्दा तो नाही, तिथे विद्यार्थ्याला मेंटॉरशी बोलून प्रपोजल आधीच लिहावं लागतं, म्हणजे काय लागणार ते येण्यापूर्वीच कळतं.

आम्ही तेच छोट्या प्रमाणात केलं, दोन पानांचं प्रपोजल आणि सामानाची यादी महिनाभर आधी घेतली.

आणि हो, गाइड म्हणून प्रोफेसरांचं नाव असू दे, पण रोजचा माणूस म्हणून एक पीएचडीवाला लेखी ठरवून घ्या, सर लोक नेमके तेव्हाच कॉन्फरन्सला गेलेले असतात.