सूत्रधाराने गड आधी बांधावा की खेळता खेळता?

गडकोट:

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राच्या माडीवर आम्ही सहा जण दर रविवारी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो. नवख्यांसाठी थोडक्यात सांगायचे तर यात प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो, बाकीचे सारे जग सूत्रधार सांभाळतो आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. गेल्या महिन्यात आम्ही पन्हाळ्याच्या वेढ्यावर स्वतः रचलेली मोहीम खेळलो. जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, मुसळधार पाऊस आणि राजदिंडीतून उतरून म्हसाई पठाराकडे निसटणारी एक लहान तुकडी. (महाराजांचे पात्र कोणीही घ्यायचे नाही, हा एकच नियम न भांडता ठरला.) पहिल्या बैठकीला सूत्रधार मी होतो, दुसऱ्या बैठकीला आमच्यातली एक मैत्रीण होती, आणि त्या दोन बैठकांवरून पेटलेला वाद अजून विझलेला नसल्यामुळे तो इथे मांडतो.

मी जुन्या पद्धतीचा माणूस आहे. बैठकीआधी मी नकाशा काढला, वेढ्यातल्या चौक्या ठरवल्या, रात्रीच्या कोणत्या प्रहरी कोणती गस्त कुठे असेल ते कागदावर लिहून ठेवले आणि पावसाचा जोर किती राहील याचाही एक तक्ता केला. खेळाडूंनी दोन तास केवळ टेहळणी केली, हेरांकडून बातम्या काढल्या आणि मग वाट निवडली. मैत्रिणीने यातले काहीच केले नाही. तिने कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढून त्याचे सहा भाग केले, त्याला ‘पाठलाग’ असे नाव दिले आणि प्रत्येक चुकीला एकेक भाग रंगवत नेला. एका चौकीपाशी तुकडी अडकली तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, “या पहारेकऱ्याला मी पंधरा दिवसांपूर्वीच फितवून ठेवले होते,” आणि तिने ते मान्य केले! वर्तुळ आणि ही मागाहून सुचलेली पूर्वतयारी, दोन्ही गोष्टी २०१७ च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मधल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. माझा आक्षेप त्या खेळावर नाही. माझा आक्षेप असा की पहारेकरी फितूर आहे की नाही हे खेळाडू त्याच्यासमोर उभा राहिल्यावर ठरणार असेल, तर आदल्या बैठकीतल्या दोन तासांच्या टेहळणीला किंमत काय उरली? शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच रंगात आली म्हणून पंचाने गोलपोस्ट चार हात सरकवले तर काय होईल, हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको.

सांजवात:

ज्या मैत्रिणीचा उल्लेख झाला ती मीच, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे ती फितुरी फुकट मिळालेली नव्हती. त्या नियमात पात्राला ताणाची नऊ घरे असतात, अशा पूर्वतयारीसाठी तिच्या अवघडपणानुसार त्यातली घरे भरावी लागतात आणि नऊही भरली की पात्राच्या मनावर कायमचा घाव बसतो. आपल्या मित्राने दोन घरे भरली, शिवाय पहारेकरी दिल्या शब्दाला जागतो का हे पाहायला फासेही टाकले. हा भाग आपण सोयीस्करपणे गाळलात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्याचे पात्र त्या मुलखात वाढलेला, वेढ्यातून चार वेळा ये-जा केलेला हेर आहे, आणि तो स्वतः बँकेत कर्जविभागात बसतो. त्या हेराला जे सहज सुचले असते ते या बिचाऱ्याला रविवारी सकाळी मिसळ खाऊन आल्यावर आधीच सुचले पाहिजे, असा आपला आग्रह आहे. म्हणजे परीक्षा पात्राची नव्हे, खेळाडूची झाली. आपल्या बैठकीत दोर कुठे बांधायचा यावर पाऊण तास चर्चा झाली होती, हेही कोणीतरी नोंदवायला हवे.

आता फाशांबद्दल. आपल्या वीस बाजूंच्या फाशात पात्राला अधिक पाच मिळत असतील आणि पंधरा गाठायचे असतील तर यशाची शक्यता ५५ टक्के येते. उरलेल्या ४५ टक्क्यांत बहुतेक वेळा काय घडते? काहीच नाही. कुलूप उघडत नाही, मग दुसरा खेळाडू म्हणतो की मी प्रयत्न करतो. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने जी रीत रूढ केली तिच्यात साधे, सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज दहा किंवा जास्त आली तर पूर्ण यश, सात ते नऊ आली तर यश पण काहीतरी गमावून, आणि सहा किंवा कमी आली तर सूत्रधार संकट आणतो. पात्राला अधिक एक असेल तर ३६ शक्यतांपैकी १० पूर्ण यशाच्या, १६ किंमत मोजून मिळणाऱ्या यशाच्या आणि १० संकटाच्या. सर्वांत मोठा वाटा मधल्या निकालाचा आहे, आणि पन्हाळ्याच्या त्या रात्रीला नेमका तोच शोभतो. महाराज विशाळगडावर पोहोचले हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निसटतील की नाही यात उत्कंठा नाहीच, ती कोणाच्या जिवावर निसटतील यात आहे. शिवा काशिद आणि बाजीप्रभू यांची नावे आपण घेतो ती त्या किमतीमुळेच.

अडकित्ता:

मी दोन्ही बैठकांत भोई होतो, पालखी वाहिली, त्यामुळे मला दोन्हीकडून बोलण्याचा हक्क आहे असे समजतो.

‘जुनी पद्धत’ या एका नावात गडकोट यांनी दोन परस्परविरोधी गोष्टी कोंबल्या आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा आद्य खेळ १९७४ मध्ये आला तो युद्धखेळांच्या, म्हणजे टेबलावर सोंगट्यांनी लढाया लढण्याच्या खेळांच्या कुशीतून, आणि त्यामुळे सुरुवातीच्या सूत्रधाराची भूमिका खरोखरच पंचाची होती. तळघर आधी आखलेले, सापळे आधी लावलेले, पात्र मेले तर मेले. १९७५ मध्ये स्पर्धेसाठी त्या खेळाच्या कर्त्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स यांनी रचलेली ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही मोहीम हा त्याचा कळस, कारण त्यात तलवारीपेक्षा सावधपणा वाचवतो. पण त्याच खेळासाठी १९८४ पासून आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’च्या मोहिमांत मोठी कथाच आधी लिहिलेली होती आणि खेळाडूंनी तिच्या रुळांवरून चालायचे होते. तीही आज जुनी पद्धतच म्हणवते. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ सूत्रधाराला कथानक आधी रचून ठेवू नका असे बजावते, तेव्हा तिचा रोख या रुळांवर आहे, आपल्या नकाशावर नाही. उलट, पुढे काय होणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसणे या एका बाबतीत जुना नकाशेवाला आणि नवा कथनवादी एकमेकांचे सख्खे भाऊ ठरतात.

आणि आता थोडे अप्रिय. गडकोट, आपल्या बैठकीत दुसऱ्या प्रहरी आम्ही ओढ्यात अडकलो होतो, आपल्याच तक्त्यानुसार गस्त तिथे यायला हवी होती, आपण सूत्रधाराचे कागद झाकणाऱ्या पडद्याआड फासा टाकलात, क्षणभर थांबलात आणि म्हणालात की पावसामुळे गस्तीला उशीर झाला. त्या फाशावर काय आले होते? गोलपोस्ट सरकवण्याबद्दल बोलताय म्हणून विचारतो.

पाटीपेन्सिल:

मी या गटातली नाही. मात्र सुट्टीत भाचरांना घेऊन दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना “दारामागे काय आहे ते तूच सांग” म्हटले की ती गोंधळून माझ्याकडे पाहतात. त्यांना दारामागे खरोखर काहीतरी हवे असते, जे मला माहीत आहे आणि त्यांना नाही. मोठ्यांचे वेगळे असेल. मुलांसाठी माझे मत नकाशाला.

गडकोट:

अडकित्ता यांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. फाशावर गस्त येण्याचाच आकडा पडला होता. सहा जणांची मोहीम दुसऱ्याच प्रहरी संपेल या धास्तीने मी तो दडवला. चूक माझी आहे, आणि माझ्या पद्धतीच्या निकषावर ती सांजवात यांच्या फितुरीपेक्षा मोठी आहे, कारण त्यांनी जे केले ते उघड नियमाने आणि सर्वांसमोर केले. यापुढे माझे फासे टेबलाच्या मधोमध पडतील. ओढ्यातच मोहीम संपली तर संपू दे.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. वेढा ढिला पडावा म्हणून महाराजांनी शरणागतीची बोलणी लावली, ती पूर्वतयारीच होती. मात्र ती करताना तिचा उपयोग होईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. शाहीर ती गोष्ट शेवट ठाऊक असताना सांगतो, करणाऱ्याला ती शेवट ठाऊक नसताना करावी लागते. ताणाची दोन घरे भरल्याने ही जोखीम भरून येत नाही, कारण खेळाडू ती घरे भरतो तेव्हा नेमकी कोणती चौकी आडवी आली आहे हे त्याला दिसत असते. हेराला सुचलेले खेळाडूला सुचणार नाही, हे तुमचे म्हणणे मात्र पटले. म्हणून असे सुचवतो की बैठकीआधी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपल्या पात्राने केलेली एक पूर्वतयारी लिहून घडी घालून ठेवावी आणि हवी तेव्हा एकदाच उघडावी. वाया गेली तर गेली.

सांजवात:

दादा, चिठ्ठी म्हणजे तुमचाच तक्ता, फक्त खेळाडूंच्या हस्ताक्षरातला. पाचपैकी चार चिठ्ठ्या न उघडताच घरी जातील आणि हेर पुन्हा कर्जविभागात जाऊन बसेल. तरीही पुढच्या रविवारी करून पाहू, कारण म्हसाई पठारापासून पावनखिंडीपर्यंतची वाट अजून चालायची राहिली आहे. माझी अट एवढीच की चिठ्ठीत काय आहे हे उघडेपर्यंत सूत्रधारालाही कळता कामा नये, आणि उघडल्यावर त्यातले खरे धरून त्याला आपला नकाशा तिथल्या तिथे बदलावा लागेल. आणि पडदा घरीच ठेवून या.