डिझाइन महाविद्यालये आधी की शिक्षक आधी?

रेघोटी
'उद्यमी' यांनी काल येथे लिहिले की देश या वेगाने वाढत असताना डिझायनर कमी पडतात, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात डिझाइन महाविद्यालये काढावीत आणि शिक्षकांची चिंता नंतर करावी. त्यातला उत्तरार्ध वाचून गप्प बसवेना.

१९६१ साली अहमदाबादेत एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली, तिच्यामागे चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचा १९५८ चा अहवाल होता. त्यातला लोट्यावरचा उतारा आठवा: तो डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, रिकामा असताना आणि भरल्यावर त्याचा तोल कुठे असतो, ओतताना तो कसा कलतो. असे प्रश्न विचारायला शिकवणारा माणूस मिळाला, तरच डिझाइनचे शिक्षण सुरू होते. पवईच्या आयआयटीतली आयडीसी ही डिझाइन शाखा १९६९ मध्ये उभी राहिली, तीही जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्या शिक्षकांच्या बळावर.

आज काय चालले आहे ते मी परीक्षक म्हणून एका खासगी महाविद्यालयात पाहिले. विद्यार्थ्यांनी मराठी अ‍ॅपचे स्क्रीन मांडले होते. ओळींमधले अंतर रोमन लिपीच्या हिशेबाने ठेवल्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळत होते आणि बटणावरच्या 'नोंदवा'मधला अनुस्वार अर्धा कापला गेला होता. शिकवणाऱ्यालाही त्यात काही खटकले नव्हते, कारण तो स्वतः आदल्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेला होता. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवणारे र. कृ. जोशी ज्या महाराष्ट्रात शिकवत होते, तेथे ही स्थिती असावी याचा मला मनापासून संताप येतो.

उद्यमी
संताप मलाही येतो, पण दुसऱ्या कारणाने. २००७ च्या राष्ट्रीय डिझाइन धोरणात एनआयडीच्या धर्तीवर आणखी संस्था काढण्याचे ठरले होते. त्यांपैकी भोपाळ आणि जोरहाटच्या संस्था सुरू व्हायला २०१९ उजाडले. 'चांगले शिक्षक मिळाल्याशिवाय नको' या आग्रहाने मधली बारा वर्षे कोणाचे भले झाले? आमच्या कारखान्यात पाठीवरचे फवारणी पंप बनतात. भरलेल्या पंपाचा पट्टा खांद्याला काचतो, ही तक्रार वर्षानुवर्षे येत होती आणि ती सोडवायला एकही शिकलेला डिझायनर तालुक्याच्या गावी यायला तयार नव्हता. अखेर आमच्या फोरमननेच पट्टा रुंद करून बकल खाली सरकवले. मोजक्या जागांतून निघालेले मोजके लोक मोठ्या शहरांतच राहणार. तुम्ही स्वतः आत पोहोचलात आणि आता दार लावून घेत आहात, असेच मला वाटते.

रेघोटी
दार लावण्याचा आरोप मी सहन करणार नाही. फोरमनने जे केले तेच डिझाइन आहे, आणि ते त्याला सुचले ते पंप पाठीवर घेतलेली माणसे रोज पाहिल्यामुळे. तुमच्या जिल्ह्यातल्या नव्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला शेतावर कोण नेणार आहे?

पेर
तुम्ही दोघे ज्या दाराविषयी बोलत आहात, त्याच्या बाहेर कोण उभे आहे ते आधी पाहा. जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीतून देता येते; यूसीड या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. माझे वडील बुरूड. माझा धाकटा भाऊ लहानपणापासून कामट्या काढतो आणि त्याच्या चित्रांत वस्तूची पाठची बाजूसुद्धा नीट असते. पहिल्या फेरीत तो बाद झाला, प्रश्न समजायलाच वेळ गेला म्हणून. त्याच वर्षी शहरातल्या क्लासमध्ये वर्षभर साच्यातली चित्रे गिरवलेली मुले आत गेली.

सराव_वर्ग
मी असा क्लास चालवतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे. साचे गिरवून कोणी निवडले जात नाही. आम्ही निरीक्षण शिकवतो, जे शाळेने शिकवायला हवे होते. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळांना कोणी जाब विचारत नाही आणि सगळा राग आमच्यावर निघतो.

पेर
शाळांचा दोष मोठा आहे, हे खरे. पण तुमच्या क्लासचे शुल्क भरू शकणाऱ्यालाच ते निरीक्षण मिळते, हे तुम्ही सोयीस्कर विसरता. भाषा आणि शुल्क अशा दोन चाळण्यांतून जो खाली पडतो त्यालाच 'अभिरुची नाही' म्हणायचे, हा अन्याय आहे.

उद्यमी
म्हणूनच मी जागा वाढवा म्हणतो!

पेर
इंग्रजी पेपरच्या हजार जागा वाढल्या, तरी माझा भाऊ बाहेरच राहील. जागांनी हा प्रश्न सुटत नाही.

रेघोटी
परीक्षेच्या भाषेबाबत पेर यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. मी आजवर तो प्रश्न गौण मानत होते. शिक्षकांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी बांबूच्या स्टुलाचे रेखाटन केले, त्यात आडवी काठी बसवायचे भोक दोन गाठींमधल्या पेराच्या मधोमध दाखवले होते. कार्यशाळेत आलेल्या बुरूड काकांनी काठी हातात घेतली, गाठीवर बोट ठेवले आणि भोक गाठीजवळ घ्या, नाहीतर बांबू उभा चिरेल, असे सांगितले. पुस्तकातून हे शिकवायला मला अख्खा तास लागला असता आणि तरीही मुलांना पटले नसते.

पेर
त्या काकांना एका दिवसाचे मानधन मिळाले, शाल मिळाली, फोटो निघाला. वर्षभर शिकवायला का नेमले नाही?

रेघोटी
त्यांच्याकडे पदवी नाही.

पेर
विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची तरतूद केली आहे. आपल्या क्षेत्रात १५ वर्षांचा अनुभव आणि लक्षणीय काम असेल, तर औपचारिक पदवीची सक्ती नाही. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात.

रेघोटी
ती तरतूद मला ठाऊक आहे. वरिष्ठ पदावर काम केलेल्यांना तीत प्राधान्य आहे, त्यामुळे निवड समिती कंपन्यांचे निवृत्त अधिकारीच शोधते. बुरुडाचे नाव सुचवले, तर बायोडेटा मागतील.

पेर
मग तो बायोडेटा लिहून द्यायला तुम्ही बसा. काकांची मुलगी बारावी झाली आहे, तीही मदत करील. पुढच्या बैठकीत तुम्ही हे नाव मांडणार आहात की नाही, एवढेच येथे लिहा.