स्वादुपिंडाला सूज आली म्हणून पेशंटला उपाशी ठेवायचं का?

खाडीकाठ (मालवण)
पित्ताशयातल्या खड्यामुळे बाबांच्या स्वादुपिंडाला सूज आली. पाच दिवस तोंडात काही नाही, नुसतं सलाईन. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं होतं, उलटी नव्हती, बाबा स्वतःहून पेज मागत होते. या सुजेत लायपेज हे स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य रक्तात वाढतं. डॉक्टरांचं उत्तर एकच, "लायपेज उतरू दे." माझ्या मते हे चुकलंच. आजार सौम्य असेल तर सोसेल तसं 24 तासांच्या आत खायला द्यावं, असं आता सांगतात. त्यासाठी लायपेज उतरावं लागत नाही. आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर झिजतं, आतले जंतू रक्तात शिरू शकतात. आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर सलाईनमधून मिळतात फार तर 200 कॅलरी!

लाल माती (दापोली)
नाही पटलं. माझ्या भावाला आम्ही दुसऱ्याच दिवशी घरचा डबा दिला. भात आणि नारळाच्या वाटणाची आमटी. रात्री परत कळ, उलट्या. मुक्काम चार दिवसांनी वाढला. पोटाला विश्रांती हवीच.

खाडीकाठ
दादा, वाटणात सगळी चरबीच की! मी पेजेबद्दल बोलतोय.

सुरंगी (रत्नागिरी)
मी वॉर्डात नर्स आहे. नुसत्या निवळीवर ठेवायचीही गरज नसते. भूक लागली की मऊभात, मुगाचं वरण द्यावं, वरून तूप-खोबरं नको. पण गंभीर पेशंटचं वेगळं. 2014 साली नेदरलँड्समधल्या 208 पेशंटांचा अभ्यास छापून आला. आजार गंभीर होईल अशी चिन्हं असलेले पेशंट होते. निम्म्यांना 24 तासांत नाकातून नळी घालून अन्न दिलं, बाकीच्यांना 72 तासांनी तोंडाने. ज्यांना तेही जमलं नाही, त्यांनाच नळी. जंतुसंसर्ग आणि मृत्यूंत फरक पडला नाही. म्हणजे तीन दिवस थांबणं हा गुन्हा नाही, खाडीकाठ. मात्र त्यानंतरही खाता येत नसेल तर नळी घालावी. शिरेतून पोषण अगदी शेवटी, त्यात जंतुसंसर्ग जास्त होतो.

लाल माती
वाटणाची चूक आमची, मान्य. पण आमच्याकडे रात्री सर्जन नसतो. बिघडलं तर घाट उतरत-चढत कोल्हापूर नाहीतर पुणं गाठायचं. अशा ठिकाणी डॉक्टर एक दिवस जास्त थांबले तर मी त्यांना बोल लावणार नाही.

खाडीकाठ
एक दिवस मीही थांबलो असतो. बाबा सत्तरीचे आहेत. घरी आले तेव्हा ओटीवरची पायरी चढताना त्यांना धरावं लागलं.