अनुभव धागा : देव आपल्यावर प्रसन्न आहे, हा आनंद तुम्हांला कोठे गवसला?

धागा सुरू करताना (धुळे, बायबलवर्ग चालविणारा)

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगायला, कोणी उभे राहिले की बहुधा नोकरी लागल्याची, आजार बरा झाल्याची किंवा मुलीचे लग्न जमल्याची हकीकत ऐकायला मिळते. त्या साक्षी खऱ्या असतात आणि त्यांमागचा आनंदही खरा असतो. परंतु या धाग्यात थोडे निराळे मागायचे आहे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो आणि तू माझा पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे, अशा अर्थाची वाणी स्वर्गातून होते. त्या वेळेपर्यंत लूकने येशूचा एकही चमत्कार किंवा उपदेश सांगितलेला नाही. नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून तो प्रभूच्या कृपेचे वर्ष जाहीर करतो, ते पुढे चौथ्या अध्यायात. पित्याची प्रसन्नता आधी आणि काम नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून, दाखविण्यासारखे काहीही हाती नसताना देव आपल्यावर प्रसन्न आहे असे तुम्हांला कधी उमगले, ते लिहावे. नाव नको, गाव किंवा तालुका पुरे.

रावेर तालुका, केळी उत्पादक

केळी लावल्यापासून घड हाती येईपर्यंत जवळजवळ वर्ष जाते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुटणाऱ्या वादळाला ती आडवी करायला अर्धा तासही लागत नाही. आमची बाग कापणीला आलेली असताना तसेच झाले. घडांच्या भाराने आधीच वाकलेली झाडे कमरेतून मोडली. तलाठी पंचनाम्याला आले, त्यांनी क्षेत्र आणि नुकसान लिहून घेतले, माझी सही घेतली.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) घरी येऊन बायबलमधील हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचला. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो; पण त्या दिवशी ध्यानात आले की संदेष्टा आनंदाकडे येण्यापूर्वी स्वतःच पंचनामा करतो. अंजीर फुलले नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. एकही बाब तो लपवीत नाही किंवा कमी करून सांगत नाही. आणि त्यानंतर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. नुकसान हे देवाच्या रागाचे चिन्ह असते, तर असे वाक्य त्याला लिहिताच आले नसते.

पुढे हंगामाच्या सणाला लोकांनी ज्वारी, भाज्या, कोंबड्या आणल्या, उपासनेनंतर नेहमीप्रमाणे त्यांचा लिलाव झाला. मी रिकाम्या हातांनी गेलो होतो, आणि उपकारस्तुतीचे गीत म्हणताना मला संकोच वाटला नाही. सोसायटीचे कर्ज तसेच होते, हेही लिहून ठेवतो, म्हणजे कोणाचा गैरसमज व्हायला नको.

भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी

माझ्या नोकरीतल्या कित्येक नाताळच्या रात्री यार्डात गेल्या. घरची मंडळी चर्चमध्ये गीते म्हणत असत आणि मी कंदील घेऊन रुळांवर. एका सहकाऱ्याने, जो ख्रिस्ती नव्हता, मला विचारले की तुमच्या देवाचा जन्म प्रथम कोणाला कळला? मी सांगितले, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. तो हसून म्हणाला, "म्हणजे रात्रपाळीवाल्यांनाच की!" ज्यांच्यावर देवाची प्रसन्नता आहे अशा माणसांना शांती, हे देवदूतांचे गीत प्रथम कामावर असलेल्यांनी ऐकले, हे त्यानंतर मी कधी विसरलो नाही. अधिक काही सांगण्यासारखे नाही.

शहादा, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

मी आनंदाविषयी लिहू शकत नाही, तरी लिहिते. आईच्या कर्करोगासाठी सगळ्या मंडळीने उपास केले, ती गेली. त्यानंतर कोणी बरे झाल्याची साक्ष दिली की मला बाहेर जाऊन उभे राहावेसे वाटते. देवाची कृपा त्यांच्यावर झाली, तर आमच्यावर काय झाले?

नवापूर तालुका, निवृत्त परिचारिका

बाळ, तुझा प्रश्न मी वॉर्डात पुष्कळ आयांच्या तोंडून ऐकला आहे. आमच्याकडे सिकलसेलची मुले येत. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला की मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत अशा वेदना होतात. मावची ही आदिवासी बोली बोलणारी एक आई प्रत्येक खेपेला विचारी, पाप माझे की नवऱ्याचे? मी तिला योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाची गोष्ट सांगितली. शिष्यांनी येशूला नेमके हेच विचारले होते, आणि याने पाप केले नाही, याच्या आईबापांनीही नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. ती बराच वेळ रडली आणि मग मुलाच्या उशाशी बसून मावचीत भजन म्हणू लागली. मुलगा बरा झाला नव्हता. तो पुन्हापुन्हा दाखल होत राहिला. पण देव आपल्यावर रुसलेला नाही हे कळल्यावर त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आले, त्याला मी आनंदच म्हणते. तुला तो आजच वाटावा असा माझा आग्रह नाही.

(धागाकर्ता) शहाद्याच्या ताईंनी लिहिले हे बरे केले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत छळणारे एक दुखणे, निघावे म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली आणि ते निघाले नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर मिळाले. आपल्या साक्षीच्या सभांत असे उत्तर मिळालेल्यांनाही बोलू द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिरपूर, शिक्षक

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे मी तिसऱ्या पिढीतला. आमच्यासारख्यांची अडचण येशूच्या दाखल्यातील उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाची आहे; उधळा परत आला म्हणून बाप मेजवानी देतो, आणि कायम घरी राबलेला थोरला रुसून आत जात नाही. संडेस्कूल, वर्गणी, मंडळीचे हिशेब, सगळे वेळेवर. आनंद मात्र नव्याने आलेल्यांच्या घरी. लूकच्या पंधराव्या अध्यायात बाप त्या थोरल्यासाठीही घराबाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो, माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे. हा थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही. हिशेबाची वही बंद करून मी गेल्या ईस्टरला गायनात उभा राहिलो. सूर बेताचाच आहे.

साक्री तालुका, गृहिणी

मी घरात एकटीच ख्रिस्ती विश्वासात आले. पुस्तकी मराठीत प्रार्थना करताना मी अडखळत असे आणि देवाला अर्ज देत आहे असे वाटे. महिला मंडळातील एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, घरी बोलतेस तसे बोल. मग मी अहिराणीत म्हटले, "मी तुनी पोर शे" (मी तुझी लेक आहे). पुढे मागायचे ते राहूनच गेले, कारण हसू आले. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, काय झाले? त्यांनाही तेच वाक्य सांगितले. त्या म्हणाल्या, मग बापाला सांग, पाऊस पाड.