मदत हवी आहे: पत्र्याखालच्या अभ्यासिकेतल्या रास्पबेरी पाय ४ साठी पंख्याची कोणती केस घ्यावी?

नमस्कार मंडळी,

अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालवते. ३२ खुर्च्या, वर पत्रे, पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग. मुलं-मुली सकाळी सहाला येतात ती रात्री अकरापर्यंत असतात. बहुतेक राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरतीवाले. महिनाअखेरीला त्यांचा मोबाईलचा डेटा संपायचा आणि अभ्यास अडायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी एक रास्पबेरी पाय ४ (हातात मावणारा छोटा संगणक, ४ जीबीचा) आणून बसवला. त्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ, किविक्स या इंटरनेटशिवाय वाचायच्या अॅपवर मराठी विकिपीडिया आणि आमच्या सरांनी परवानगी दिलेली व्याख्यानं जेलीफिन या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवली आहेत. पाय स्वतःच वायफाय हॉटस्पॉट देतो. इंटरनेट लागत नाही, मुलांचा एक रुपया खर्च होत नाही. ही सोय मला कशीही करून चालू ठेवायची आहे.

अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी एक ते चार व्हिडिओ अडखळतात. सध्या पाय रास्पबेरीच्याच लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या केसमध्ये आहे आणि ती केस चहूबाजूंनी बंद आहे. टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ देऊन आठवडाभर वहीत आकडे लिहिले. सकाळी सातला खोली २९ अंश, चिप ६१. दुपारी दोनला खोली ४१, चिप ८२ ते ८४.

झाकण काढून पाहिलं, दहाएक अंश उतरले. पण दुसऱ्या दिवशी बोर्डावर पाल बसलेली दिसली, तेव्हा झाकण परत लावलं.

मग एका मुलाने त्याची अॅक्रिलिकची, थरांची केस वापरायला दिली. वर ३० मिलिमीटरचा दोन तारांचा पंखा. चिप ६४ वर आली, पण पंखा अखंड चालतो आणि डासासारखा बारीक आवाज करतो. एरवी छताच्या पंख्यांत तो आवाज बुडून जातो. वीज गेली की मात्र छताचे पंखे बंद होतात, इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पाय उरतो, आणि त्या शांततेत हा चिमुकला पंखा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. दोन मुलींनी जागा बदलून मागितली. पंख्याची लाल तार ५ व्होल्टच्या पिनवरून ३.३ व्होल्टवर नेली, तर आवाज कमी झाला, पण चिप पुन्हा ७३ वर.

शिवाय धूळ. गल्लीच्या टोकाला जिनिंग आहे. हंगाम संपून महिना झाला तरी कापसाचे तंतू हवेत असतातच. तीन आठवड्यांनी पंखा उघडला तर प्रत्येक पात्याच्या कडेला राखाडी लव बसली होती, निरांजनात ठेवायच्या फुलवातीसारखी मऊ, आणि मधल्या आसाभोवती तिची घट्ट गुंडाळी झाली होती.

तर पंखा असलेली, पण शांत आणि धुळीला पुरून उरणारी केस कोणती? बजेट दीड हजार. सोल्डरिंग येत नाही, पण पायरीपायरीने सांगितलं तर बाकी सगळं करीन. अॅल्युमिनियमच्या केसमध्ये वायफाय अडतं असं ऐकलं आहे. ते खरं असेल तर माझं सगळंच अडेल, कारण मुलं वायफायवरच जोडतात.

प्रतिसाद १

ताई, वहीत आकडे लिहून ठेवलेत हे फार बरं केलंत, त्यावरूनच निम्मं उत्तर निघतं. सकाळी खोली आणि चिप यांत ३२ अंशांचा फरक आहे आणि दुपारी ४१ ते ४३ चा. कुठलाही पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हा फरक कमी करतो. पाय ४ मध्ये ८० अंशांच्या पुढे प्रोसेसरचा वेग हळूहळू उतरवला जातो, ८५ च्या पुढे ग्राफिक्सचाही. म्हणजे ४४ अंशांच्या दुपारीही फरक ३० च्या आत राहील, अशी केस तुम्हाला हवी.

केस घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पाय कपाटावर ठेवला आहे का? असेल तर खाली आणा. पत्र्याखालची तापलेली हवा वरच साचते. आणि ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (वेग का उतरला ते सांगणारी आज्ञा) काय दाखवतं ते इथे टाका. कित्येकदा दोष अॅडॉप्टरचा असतो आणि बोल पंख्याला लागतो.

धागाकर्ती

हो, कपाटावरच होता, मुलांचा हात लागू नये म्हणून. आज खालच्या फळीवर आणला. तिथे भर दुपारी ३८ अंश भरले, वर ४१ होते. नुसत्या जागेने तीन अंश!

गेट_थ्रॉटल्डचं उत्तर ०एक्सई०००० आलं. अॅडॉप्टर मूळचाच, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा.

प्रतिसाद १

मग वीजपुरवठ्याचा दोष नाही. त्या आकड्यातला ‘ई’ म्हणजे तीन खुणा: वेगावर मर्यादा आली, वेग उतरवला गेला, तापमानाची सीमा ओलांडली. व्होल्टेज कमी पडलं असतं तर चौथी खूण लागून ‘ई’ च्या जागी ‘एफ’ दिसला असता. दोष उष्णतेचाच आहे.

प्रतिसाद २

थेट पाय ५ घ्या. त्याच्या बोर्डावर पंख्याची वेगळी चार पिनांची जागा आहे. ५० अंशांच्या खाली पंखा बंद, पुढे टप्प्याटप्प्याने वेग वाढतो, ७५ ला पूर्ण. काही बघावं लागत नाही.

धागाकर्ती

दादा, सोय चांगली आहे, पण नवा बोर्ड, नवा अॅडॉप्टर हे दीड हजारात बसत नाही. आहे तोच टिकवायचा आहे.

प्रतिसाद ३

माझं चंद्रपुरात दुरुस्तीचं दुकान आहे. ४६-४७ अंशांत ही यंत्रं चालवायचा अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या लाल-पांढऱ्या केससाठी रास्पबेरीचाच पंखा मिळतो, २०२० च्या अखेरीस आला. झाकणाखाली चपखल बसतो, सोबत छोटा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) येतो. यूएसबीच्या फटींतून हवा घेतो आणि मेमरी कार्डाच्या खाचेतून बाहेर सोडतो. तीन तारा: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि जीपीआयओ १४ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी बोर्डावरची पिन). तिसऱ्या तारेमुळे ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगमध्ये किती अंशांवर सुरू व्हायचं ते ठरवता येतं. स्वस्त आणि सोपा आहे. पण फटी अरुंद, त्यातून हवा ओढायची, आणि तुमच्याकडे कापूस. दर पंधरा दिवसांनी साफ करावा लागेल. पुण्यात असतात तर हाच घ्या म्हटलं असतं.

आता तुमच्यासाठी. जिचं झाकणच हीटसिंक आहे, अशी अॅल्युमिनियमची केस घ्या. झाकणाला आतून एक ठोकळा असतो, तो थर्मल पॅडमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ तुकड्यातून) चिपला टेकतो आणि सगळी केस उष्णता बाहेर टाकते. फ्लर्कची अशी केस बिनपंख्याची येते. आर्गॉन वनसारख्या केसमध्ये ठोकळाही असतो आणि सॉफ्टवेअरवर चालणारा पंखाही. तुमच्या दुपारी निव्वळ धातूवर मी विसंबणार नाही, पंखा हवाच. पण इथे तो मदतनीस असतो. दिवसातले बरेच तास बंद राहतो, म्हणून धूळही कमी ओढतो आणि आवाजही कमी होतो. अॅक्रिलिकच्या केसमध्ये सगळा भार एकट्या पंख्यावर पडतो.

वायफायचं तुम्ही ऐकलंत ते खरं. चहूबाजूंनी धातू आला की अँटेना बोर्डावरच असल्याने रेंज घटते. त्यावर उपाय सोपा आहे: कपाटात पडलेला जुना राउटर काढा, पायला केबलने जोडा आणि मुलांना राउटरवर घ्या. एवढ्या मुलांचं वायफाय पायच्या अंगावर टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

घेताना जपायच्या गोष्टी. केसवर ‘३/४/५ साठी’ लिहिलं असेल तर घेऊ नका. पाय ४ वर इथरनेट आणि यूएसबीच्या जागा ३ आणि ५ च्या उलट आहेत, भोकं जुळणारच नाहीत. दोन तारांचा पंखा कधीही थेट जीपीआयओच्या पिनवर लावू नका. ती पिन काही मिलिअँपिअरच देते, पंख्याला त्याच्या कितीतरी पट लागतात, आणि मध्ये ट्रान्झिस्टर नसेल तर बोर्ड जातो. थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायची, एक निळसर असते आणि एक पारदर्शक. पारदर्शक फिल्म विसरलेल्या केसेस माझ्याकडे ‘पंखा खराब’ म्हणून येतात. आणि पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा. मोकळी भिरभिरली तर बेअरिंग लवकर झिजतं.

प्रतिसाद ४

केसचं वर आलंच आहे. मला विचारायचं आहे की चिप इतकी तापते कशाने? पीडीएफ आणि किविक्सने एवढं होत नाही. व्हिडिओ चालू असताना जेलीफिनच्या डॅशबोर्डवर ‘ट्रान्सकोड’ दिसतं का बघा. तसं असेल तर पाय प्रत्येक मुलासाठी व्हिडिओ नव्याने गुंडाळत बसला आहे आणि चारही कोअर त्यात अडकले आहेत. व्याख्यानं लॅपटॉपवर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एच.२६४, एमपी४ या प्रकारात बदलून ठेवा. फोन ती थेट चालवतात, पायला फक्त फाइल द्यावी लागते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बारा दिवसांनी लिहिते आहे, कारण नुसतं ‘झालं’ म्हणण्यापेक्षा आकडे घेऊन यायचं होतं.

ट्रान्सकोडच होतं. सरांची व्याख्यानं वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर घेतलेली, ११० फाइली. रोज रात्री लॅपटॉप चालू ठेवून त्या बदलून घेतल्या, अजून २० राहिल्या आहेत. केस आली नव्हती तेव्हाच, खालच्या फळीवर जुन्याच डब्यात, दुपारची चिप ७४ वर आली होती. इथे विचारलं नसतं तर केस बदलूनही निम्मं दुखणं तसंच राहिलं असतं.

चंद्रपूरच्या दादांनी सांगितली तशी, आत ठोकळा आणि सॉफ्टवेअरचा पंखा असलेली अॅल्युमिनियमची केस घेतली. बजेटच्या थोडी वर गेली. पॅडची पारदर्शक फिल्म नखाने निघेना, शेवटी सेलोटेपचा तुकडा वर चिकटवून ओढली तेव्हा अलगद आली. कुणाला अडली तर हे करून बघा. जुना राउटर जोडला, शेवटच्या रांगेतही पूर्ण रेंज आहे.

काल दुपारी तीनला फळीजवळ ४० अंश होते, आठ मुलं व्हिडिओ पाहत होती आणि चिप ५९ होती. पंखा ६२ ला सुरू होईल असं ठेवलं आहे, त्यामुळे तो लागलाच नाही. केसला हात लावला तर चहाच्या कपासारखी गरम लागते. ही गरमी झाकणापर्यंत पोचते म्हणजे ठोकळा नीट टेकला आहे, असं मी समजते. चूक असेल तर सांगा.

सोमवारी वीज पावणेदोन तास गेली, तेव्हा चिप ६३ पर्यंत चढली आणि पंखा पाचेक मिनिटं लागला. पहिल्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला मुद्दाम विचारलं. हलकी फुंकर मारल्यासारखा ऐकू येतो, पण टोचत नाही, म्हणाली. जागा बदलून मागणाऱ्या दोघीही आपापल्या जागी परत आल्या आहेत.